मधली अकरा वर्षं

आग्नेल तुस्कानो हा माणूस घाईतच जन्माला आला असणार. खुर्चीत बसला तरी अर्धा उठलेलाच. त्या दिवशीही तो सॅन्टनच्या ओट्यावर आला तो चपला पायात ठेवूनच.

"तुझं तेवढं राहिलंय बाबा. बाकी सगळ्यांचं आलं. अर्धं पान फक्त! शिक्षण काय झालं, कुठे कुठे काम केलं आणि शेवटी ख्रिस्ती जीवनाबद्दल दोन ओळी. संपलं."

"देतो की. बस तरी," सॅन्टन म्हणाला.

"बसायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणत आग्नेल बसला, आणि चांगला तासभर बसला.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. उमेळ्यात केळीच्या बागा एकेक करून आडव्या होत होत्या आणि त्यांच्या जागी पाच मजली इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एका इमारतीचे दोन मजले एका ख्रिस्ती ट्रस्टने घेतले होते. अमेरिकेतलं एक ख्रिस्ती विद्यापीठ त्यांच्या पाठीशी होतं, आणि तिथे डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता. विषय काय, तर उच्च शिक्षणातलं नेतृत्व. म्हणजे कॉलेज कसं चालवायचं, प्राचार्याने कसं वागायचं, हे प्राचार्यांना शिकवायचं आणि वर त्यांना डॉक्टर करून पाठवायचं. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण आग्नेलसमोर हसायची सोय नव्हती. तो त्या अभ्यासक्रमाचा समन्वयक होता आणि त्याने त्यापायी स्वतःची झोप घालवली होती.

शिकवायला माणसं त्याने चांगली निवडली होती. नर्सिंग कॉलेज उभं केलेल्या एक सिस्टर, नागालँडकडचे एक पास्टर, एक निवृत्त कुलसचिव आणि चौथा सॅन्टन. सॅन्टन मुंबईच्या एका कॉलेजात उपप्राचार्य होता, शिक्षणशास्त्रात त्याची पीएचडी होती. आग्नेलचा तर तो शाळेपासूनचा मित्र. या चौघांची ओळख माहितीपत्रकात फोटोसकट छापायची होती. ते अमेरिकेलाही जाणार होतं.

जाताजाता आग्नेल ओट्याच्या पायरीवर थांबला. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"आणि ते फादर होतास वगैरे नको लिहूस हं. तिकडची माणसं सोवळी आहेत. का सोडलं, कुणी सोडायला लावलं, दहा प्रश्न विचारतील. मी खोटं लिही म्हणत नाही. फक्त लिहू नकोस."

सॅन्टनने मान हलवली. आणि खरं सांगायचं तर आग्नेलने सांगितलं नसतं तरी त्याने ते लिहिलं नसतंच. चांगल्या चांगल्या ख्रिस्ती कॉलेजांनी त्याला प्राचार्यपदाच्या मुलाखतीला बोलावलं होतं. सगळं जमत आलं की कुणीतरी चष्मा पुसत विचारायचं, "तुम्ही आधी धर्मगुरू होतात ना?" की झालं. चहा यायचा, बिस्किटं यायची, बोलावणं काही यायचं नाही. तेव्हापासून त्याने ती वर्षं गिळून टाकायची सवय लावून घेतली होती. त्या अर्ध्या पानातही त्याने तेच केलं. एकोणीसशे शहात्तर ते सत्त्याऐंशी या अकरा वर्षांसमोर त्याने लिहिलं, 'विविध शैक्षणिक व सामाजिक कार्य'. पुढे पदव्या, पुढे उपप्राचार्यपद. वाचून पाहिलं तर कुठे शिवण दिसत नव्हती. आपण बरं लिहिलं, असंच त्याला वाटलं.

आत खाटेवर त्याची आई कातरीनबाय पडली होती. तिने ओट्यावरचं बोलणं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. ऐंशी उलटलेली बाई, छातीचा भाता चाललेला, पण कान शाबूत होते.

आता या कातरीनबायची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सॅन्टनला गुरुदीक्षा मिळाली, तो फादर झाला, तेव्हा उमेळ्यात केळीच्या खांबांच्या कमानी उभारल्या होत्या, बँड आणला होता. कातरीनबाय ठेवणीतलं लाल लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसली होती. बिशपांनी सॅन्टनच्या दोन्ही तळव्यांना पवित्र तेल लावलं आणि ते हात एका पांढऱ्या कापडाने बांधले. ते कापड तिने स्वतः शिवलं होतं, कोपऱ्यात लाल धाग्याने छोटा क्रूस भरला होता. विधी झाल्यावर हात सोडले, आणि तेलाने माखलेलं ते कापड सॅन्टनने खाली येऊन आईच्या ओंजळीत ठेवलं.

हा रिवाज जुना आहे. ते कापड धुवायचं नसतं. आईने जपून ठेवायचं, आणि ती गेली की तिच्या हातांना गुंडाळून तिच्याबरोबर मातीत द्यायचं. वर गेल्यावर देव विचारतो म्हणतात, "बाई, मी तुला एवढं आयुष्य दिलं, तू मला काय दिलंस?" तेव्हा आईने हात पुढे करायचे. तेलाचा वास आला की देव ओळखतो, हिने मुलगा दिला.

कातरीनबायला अक्षरओळख नव्हती. भात लावणं, केळी लावणं, विहिरीचं पाणी ओढणं यात तिचा जन्म गेला. नवरा तरणाताठा गेला. देवाला दाखवायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, असं ती स्वतःच म्हणायची आणि पत्र्याच्या डब्यातलं ते कापड काढून नाकाशी धरायची. "अजून वास हाय," म्हणायची.

मग सॅन्टनने झगा उतरवला. लोक काहीही बोलले, पण त्यात ना कुठली बाई होती ना कुठलं भांडण. संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटपून तो फादरांच्या रिकाम्या बंगल्यात यायचा, जेवणाचं ताट झाकलेलं असायचं, आणि समोर बसायला कुणी नसायचं. ते एकटेपण त्याच्या अंगात भिनलं. त्याने रोमकडे रीतसर अर्ज केला, परवानगी आली आणि तो घरी परतला. पुढे तीन वर्षांनी कॉलेजात बरोबर शिकवणाऱ्या स्वप्नाशी त्याने लग्न केलं. स्वप्ना विरारच्या मनवेलपाड्यातली, हिंदू घरातली. गावाला चघळायला आणखी एक विषय मिळाला.

कातरीनबाय एका शब्दाने बोलली नाही. रडली नाही, ओरडली नाही. फक्त पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. कुणी तिला ऊठ म्हटलं नव्हतं. आणि त्या दिवसापासून मायलेकांमध्ये त्या अकरा वर्षांचं नाव निघालं नाही. ती विचारायची, "जेवलास का?" तो म्हणायचा, "जेवलो आय." एवढ्यावर पंधरा वर्षं निघाली. काय म्हणावं अशा माणसांना! एकाच घरात राहायचं, एकाच चुलीवरचं खायचं आणि जे बोलायचं ते सोडून सगळं बोलायचं.

माहितीपत्रक छापून आलं. गुळगुळीत कागद, वर इमारतीचा फोटो, आत चौघांचे चेहरे. सॅन्टनने एक प्रत घरी आणली, आईच्या हातात दिली. ती फोटोवरून बोट फिरवत राहिली.

"टाय लावलीस?"

"लावावी लागते."

"चांगला दिसतोस," ती म्हणाली. सॅन्टन खूश होऊन कॉलेजात निघून गेला.

जानेवारीत, नाताळची धामधूम ओसरल्यावर, अभ्यासक्रमाचं उद्घाटन झालं. व्यासपीठावर चौघं अध्यापक बसले होते आणि आग्नेल माईकसमोर उभा राहून एकेकाची ओळख वाचून दाखवत होता. सिस्टरांच्या ओळखीत लिहिलं होतं की त्या पहिल्या वर्षी नापास झाल्या होत्या. पास्टरांनी तर कमाल केली होती, तरुणपणी आपण दारूत बुडालो होतो हे त्यांनी छापून दिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सॅन्टनचं अर्धं पान आलं. 'विविध शैक्षणिक व सामाजिक कार्य,' आग्नेल घाईघाईने वाचून गेला. सॅन्टन टायची गाठ चाचपत राहिला.

कार्यक्रम संपला. चहाच्या टेबलाशी एक बाई त्याच्याकडे आली. तिशीतली, खांद्याला पिशवी, अभ्यासक्रमाला नाव घातलेली विद्यार्थिनी.

"फादर," ती म्हणाली.

सॅन्टनने हातातला कप टेबलावर ठेवला. कित्येक वर्षांत त्याला कुणी अशी हाक मारली नव्हती.

"ओळखलं नाहीत ना? मी अनसूया. सातिवलीची. तुमच्या रात्रशाळेतली."

आणि मग त्याला आठवलं. सातिवलीला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. तो तिथल्या एका लहानशा धर्मग्रामात फादर होता, आणि खोकी भरायला जाणाऱ्या पोरींसाठी त्याने एका गोदामाच्या पडवीत शाळा काढली होती. फळा नव्हता म्हणून दाराच्या मागच्या बाजूला काळा रंग फासला होता. अनसूया सगळ्यांत लहान होती, बसल्या जागी पेंगायची.

"मी आता डी.एड. कॉलेजात शिकवते फादर. तुम्ही इथे आहात कळलं म्हणून तर नाव घातलं." तिने पिशवीतून माहितीपत्रक काढलं. "पण यात आमची शाळाच नाही! ते बाकी सगळ्यांनी लिहिलंय आपापलं. तुमचं राहून गेलं का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की छापणाऱ्याकडून राहिलं असेल. कॉलेज कसं उभं करायचं, माणसांना कसं घेऊन चालायचं, हे शिकवायला तो इथे आला होता. आणि ते तो जिथे शिकला ती वर्षं त्याने स्वतःच खाऊन टाकली होती. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

"राहून गेलं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी येईल."

दुसऱ्याच दिवशी त्याने नवीन अर्धं पान लिहिलं आणि आग्नेलच्या टेबलावर नेऊन ठेवलं. 'अकरा वर्षं कॅथलिक धर्मगुरू म्हणून सेवा. सातिवली येथे कामगार मुलींसाठी रात्रशाळा. एकोणीसशे सत्त्याऐंशी साली रोमच्या परवानगीने धर्मगुरूपदातून निवृत्त.' आग्नेलने वाचलं, डोकं धरलं.

"कशाला सॅन्टन? सुखाचा जीव कशाला दुःखात घालतोस?"

"छाप."

"तिकडून विचारणा आली तर?"

"तर मी उत्तर देईन. तू छाप."

आग्नेलने बराच वेळ कागदाची घडी घातली, उलगडली. "जूनमध्ये पुढची छपाई आहे. त्यात घालतो," तो म्हणाला. आणि खरंच घातलं त्याने. मित्र होता शेवटी.

सॅन्टन घरी आला तो हलका होऊन. आईला सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती खाटेवर बसून पेज पीत होती. तो तिच्या पायाशी टेकला.

"आय, तुला एक गोष्ट दाखवायचीय."

"दाव की."

"आता नाही. जूनमध्ये छापून येईल, तेव्हा."

"मंग आता तोंडाने सांग."

"नाही. छापलेलंच दाखवीन. बघशील तू."

कातरीनबायने पेजेची वाटी खाली ठेवली. "मला कुठं वाचता येतं, बाळा?" म्हणाली, आणि हसली.

बघा शिकलेल्या माणसाची अक्कल! दोन वाक्यांचं काम होतं. "आय, मी लिहिलंय की मी फादर होतो. मला त्याची लाज नाही." पण नाही, प्राध्यापकाला छापील कागद लागतो. जे कागदावर आलं नाही ते झालंच नाही, असा त्याचा जन्मभराचा हिशेब. वाचता न येणाऱ्या आईसाठी तो छपाईची वाट बघत बसला.

मे महिन्यात कातरीनबायला ताप भरला. उमेळ्याचे डॉक्टर येऊन गेले, त्यांनी स्वप्नाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता वय झालंय." सॅन्टनने कॉलेजला सुट्टी टाकली. दुपारी उकाडा इतका की पंख्याचा वारासुद्धा गरम लागायचा. तो आईच्या उशाशी बसून राहायचा. स्वप्नाने पाण्याचं भगुलं आणून ठेवलं होतं, आणि माठावर झाकलेलं एक पांढरं फडकं त्याच्या हातात दिलं होतं. ते पाण्यात बुडवायचं, पिळायचं, आईच्या कपाळावर ठेवायचं, गरम झालं की पुन्हा बुडवायचं. दोन दिवस त्याने हेच केलं.

मधेच तिने डोळे उघडले. कपाळावरच्या फडक्याला हात लावला, मग त्याच्या हाताला लावला.

"थंड वाटतं का आय?"

"चांगलं वाटतं," ती म्हणाली. "तुझं हात थंड हायेत." मग थोड्या वेळाने, नेहमीचंच. "जेवलास का?"

"जेवलो."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. संध्याकाळची घंटा व्हायच्या आत ती गेली.

शेजारची बायजा आणि आणखी दोघी आल्या, त्यांनी तिला न्हाऊ घातलं, ठेवणीतलं लाल लुगडं नेसवलं. सॅन्टन खाटेखालून पत्र्याचा डबा ओढून बसला. ते कापड आईच्या हातात द्यायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. लोक काय म्हणतील ते म्हणोत. झगा उतरवलेल्या मुलाच्या आईला तो मान आहे की नाही, हे त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. त्याने डबा उघडला. आत जपमाळ होती, नवऱ्याचा जुना फोटो होता, कापराच्या दोन वड्या होत्या. कापड नव्हतं.

त्याने डबा उपडा केला. ट्रंक उपसली. गादी उचलून बघितली. माणसं बघत होती, पण त्याला भान नव्हतं.

"स्वप्ना! या डब्यातलं कापड कुठे गेलं?"

"कुठलं कापड?"

"पांढरं. कोपऱ्यात लाल क्रूस होता. तेलाचे डाग होते त्याला."

स्वप्ना आठवू लागली. आणि आठवताच तिचा चेहरा बदलला.

"अहो, ते तर आईंनी धुतलं."

"धुतलं?"

"ते माहितीपत्रक आणलंत ना तुम्ही, त्याच दिवशी दुपारी. मला म्हणाल्या, सॅन्टनबद्दल काय लिवलंय ते वाचून दाव. मी मराठीत सांगितलं सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, 'एवढंच?' मी म्हटलं, एवढंच आहे. तर म्हणाल्या, 'मधली वर्सं?' मी पुन्हा वाचलं, 'विविध कार्य' असं लिहिलंय म्हटलं." स्वप्नाने डोळ्यांना पदर लावला. "मग म्हणाल्या, 'बरं केलं त्याने. त्याला अडचन नको.' आणि मला गरम पाणी मागितलं, साबण मागितला. मी धुते म्हटलं तर नाही म्हणाल्या. विहिरीच्या कठड्यावर बसून घासत होत्या कितीतरी वेळ. नंतर सुईने तो लाल धागा उसवला. म्हणाल्या, 'आता कोनाला काय कळायचं नाय. मी गेल्यावर मला बगायला त्याच्या कालेजातली मानसं येतील ना.' मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असेल."

"अगं, ते माझ्या दीक्षेचं कापड होतं," सॅन्टन म्हणाला. "ते धुवायचं नसतं. ते तिच्या हातात द्यायचं होतं."

"मला कुठे माहीत होतं?" स्वप्ना रडायलाच लागली. "तुम्ही कधी सांगितलंत? बारा वर्षं या घरात आहे मी. त्या दिवसांबद्दल एक शब्द तरी बोललात का माझ्याशी?"

खरंच होतं ते. जे त्याने माहितीपत्रकात केलं, तेच तो घरातही करत आला होता.

"मग ते आता कुठे आहे?" त्याने विचारलं.

स्वप्नाने बोटाने दाखवलं. खाटेच्या उशाशी भगुलं होतं तसंच होतं, आणि त्यात ते बुडालेलं होतं. दोन दिवस सॅन्टन ज्याच्या पट्ट्या आईच्या कपाळावर ठेवत होता, तेच फडकं.

त्याने ते बाहेर काढलं. पिळलं. उजेडाकडे धरलं तेव्हा कोपऱ्यात सुईची बारीक भोकं दिसली, एकाखाली एक, आणि दोन बाजूंना दोन दोन. त्याच कापडाने एकदा त्याचे हात बांधले होते, आणि त्याच हातांनी ते दोन दिवस पिळूनही त्याला ओळख पटली नव्हती. तो जमिनीवर बसला आणि गावासमोर मोठ्याने रडला. झगा उतरवला तेव्हा तो रडला नव्हता, मुलाखतींतून हात हलवत परतला तेव्हा रडला नव्हता. आता मात्र त्याला आवरेना.

बायजा जवळ आली, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती आईच्या वयाची, तिला सगळं कळलं होतं. "आता त्यात तेल रायलं नाय रे," हळूच म्हणाली. "नुसतं कापड हाय ते."

"असू दे," सॅन्टन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मांडवाखाली शवपेटी ठेवली होती. वाळलेलं ते कापड सॅन्टनने आईच्या दोन्ही हातांभोवती गुंडाळलं, आणि त्यावर जपमाळ ठेवली. गाव रांगेने दर्शनाला आलं. आग्नेल आला, सिस्टर आल्या, पास्टर आले, कुलसचिव आले. ज्यांच्यासाठी कातरीनबायने ते कापड घासघासून धुतलं होतं, ती सगळी माणसं आली. अनसूया सातिवलीहून आली होती, ती मागे उभी राहून डोळे पुसत होती.

पास्टर वाकले, हातांकडे बघितलं, आणि साधेपणाने विचारलं, "हे काय बांधलंय?"

आग्नेलने चटकन मान खाली घातली. सॅन्टन मात्र सरळ उभा राहिला.

"मी अकरा वर्षं धर्मगुरू होतो," तो म्हणाला. "माझ्या दीक्षेच्या दिवशी या कापडाने माझे हात बांधले होते. ते आईचं असतं."

आवाज अंगणभर गेला. पास्टरांनी त्याचा हात दाबला आणि पुढे सरकले. मागून सिस्टर आल्या, त्यांनी विचारलंही नव्हतं, तरी त्याने त्यांना सांगितलं. कुलसचिवांना सांगितलं. रांगेत जो जो येईल त्याला तो सांगत गेला. जे गावकरी त्या दीक्षेचं जेवण जेवले होते त्यांनाही सांगितलं. शेवटी आग्नेलने त्याच्या दंडाला धरलं, "सॅन्टन, पुरे आता. ऐकलं सगळ्यांनी."

सगळ्यांनी ऐकलं होतं. जिला सांगायचं होतं तिला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

पेटी झाकायच्या आधी घरच्यांना शेवटचं भेटायला बोलावलं. सॅन्टन वाकला, आईच्या हातांवर ओठ टेकले. त्याने खोल श्वास घेतला. तेलाचा मागमूस नव्हता, नुसता धुण्याच्या साबणाचा वास येत होता.

"आय," तो तिच्या कानाशी म्हणाला, "तिथे विचारलं तर माझं नाव सांग. मी नाही म्हणणार नाही."

मग माणसं पुढे झाली आणि त्यांनी झाकण लावलं.